छप्पर कुठून पाहिलं?

टेक्सासमध्ये घर विकत घेणाऱ्याला तपासनिसाकडून जो अहवाल मिळतो, त्यात छपराच्या नोंदीआधी एक छोटी ओळ भरावी लागते: कुठून पाहिलं. वर चढून, शिडीच्या टोकावरून, की खाली अंगणात उभं राहून दुर्बिणीतून, हे तपासनिसानं तिथे लिहायचं. पोटमाळ्याच्या नोंदीतही हाच प्रश्न पुन्हा येतो. कथेचा निवेदक नेमका कुठे उभा आहे यावर आपल्या समीक्षेनं बरीच शाई खर्च केली आहे. तोच प्रश्न एका सरकारी छापील नमुन्यात एका ओळीत विचारलेला पाहून मला मौज वाटली आणि नुसता चाळायला घेतलेला अहवाल मी शेवटपर्यंत वाचून काढला.

अहवाल भाचीच्या घराचा. डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात ती आणि आमचे जावई 2004 साली बांधलेलं एक बैठं विटांचं घर घेत होते. ‘मामा, तुम्ही पीडब्ल्यूडीत होतात ना, जरा नजर टाका,’ एवढाच निरोप. नजर टाकायलाही मुदत होती. तिथल्या खरेदीकरारात घेणाऱ्याला थोडी रक्कम भरून काही दिवसांची मोकळीक विकत घेता येते. तेवढ्या दिवसांत कारण न देता व्यवहार मोडता येतो, मात्र शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत तसं कळवावं लागतं. म्हणजे हा मजकूर घड्याळाकडे बघणाऱ्या माणसासाठी लिहिलेला असतो. तरी लिहिणाऱ्याची घाई त्यात कुठेही जाणवत नाही.

तपासनिसाला परवाना देते टेक्सास रिअल इस्टेट कमिशन ही राज्याची संस्था, आणि अहवालाचा साचाही तीच ठरवून देते. सध्या चालतो तो आरईआय 7-6. त्यातला बाबींचा क्रम बदलायची सोय नाही. आधी पाया, मग अंगणाचा उतार आणि निचरा, मग छप्पर, पोटमाळा, भिंती, छत आणि जमीन, दारं, खिडक्या. त्यानंतर वीज, वातानुकूलन, नळकाम आणि शेवटी भांडी धुण्याच्या यंत्रापर्यंत सगळं. घर विकणारा दलाल ज्या क्रमानं घर दाखवतो त्याच्या हे बरोबर उलट आहे. दलाल स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटपासून सुरुवात करतो आणि पाया त्याच्या बोलण्यात येतच नाही. इथे ग्रॅनाइटला स्वतंत्र रकाना नाही.

सुरुवातीची पानं सूचनांची. कीर्तनाला उत्तररंगापुरतं येणाऱ्या मंडळींसारखे बहुतेक वाचक ती ओलांडून थेट फोटोंवर येतात, आणि तिथेच फसतात. कारण ‘सदोष’ या शेऱ्याचा अर्थ या पानांत ठरतो. सदोष म्हटलं म्हणून विकणाऱ्यानं ते दुरुस्त करून द्यावं असं बंधन नाही. सदोष म्हटलं म्हणून बांधणाऱ्यानं नियम मोडला असंही नाही. भाचीच्या घराच्या दिवाणखान्यात ठिणगी उडाल्यास वीज तोडणारं संरक्षण नाही. 2004 साली ते झोपण्याच्या खोल्यांना लागत असे, दिवाणखान्याला लागत नसे. आज लागतं, म्हणून शेरा सदोष. त्या काळी निर्दोष असलेल्या घराला आजच्या मापानं मोजायचं, पण दोषी कुणाला धरायचं नाही. हे तारतम्य साच्यातच बांधून टाकलं आहे. त्याची चव कळली नाही तर पुढची सगळी पानं आरोपपत्र वाटू लागतात. भाचीला तशीच वाटली होती.

प्रत्येक बाबीपुढे चार चौकोन असतात: तपासलं, तपासलं नाही, इथे नाहीच आणि सदोष. यांतला दुसरा चौकोन मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. उभ्या नोकरीत मी शेकड्यांनी तपासणी-टिपणं वाचली आणि लिहिली, पण अमुक जागा पाहिली नाही असं लिहायची पद्धत आमच्याकडे नव्हती. न पाहिलेली गोष्ट टिपणातून गुपचूप गळायची आणि वाचणारा ती पाहिली असं धरून चालायचा. इथे न पाहिल्याची खूण करायची आणि कारणही लिहायचं. पोटमाळ्याच्या उत्तरेकडच्या टोकाला तुळया बुडतील इतका जाड इन्शुलेशनचा थर होता, पाय कुठे पडेल ते दिसत नव्हतं, म्हणून तिकडे गेलो नाही. गॅरेजच्या पश्चिमेच्या भिंतीला खोकी रचली होती, म्हणून ती भिंत पाहिली नाही. वाचणाऱ्याला आपल्या अज्ञानाचा नकाशा हातात मिळतो. भाचीनं पुढे ती खोकी हलवून घेतली आणि जावयांनी भिंतीचे फोटो काढले. भिंत चांगली निघाली.

आता पाया. साऱ्या नमुन्यात तपासनिसाकडून स्वतःचं मत स्पष्टपणे मागितलं जातं ते इथे. बाकी ठिकाणी दिसलं ते लिहिलं की भागतं. पायाबाबत मात्र तो आपलं काम नीट करतो आहे की नाही, यावर लेखी मत द्यावंच लागतं. या अहवालातला तो परिच्छेद लहान आहे. जमिनीवर ओतलेला काँक्रीटचा स्लॅब. त्यात पोलादी केबल असून काँक्रीट घट्ट झाल्यावर त्या ताणलेल्या, म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड. गॅरेजच्या जमिनीत तशी सूचना उमटवलेली आहे, तेव्हा हा स्लॅब कुठेही कापू नये. मग खुणा येतात. मुख्य शयनघराचं दार कडीच्या बाजूला वर घासतं. एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी बारीक भेग वर गेली आहे. ईशान्य कोपऱ्यात विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत जाणारी भेग आहे. तिथेच छपराखालची पट्टी आणि वीट यांच्यात फट पडली आहे. स्लॅबच्या एका कोपऱ्याचा काँक्रीटचा पाचरीएवढा तुकडा सुटला आहे, हा केवळ दिसण्यापुरता दोष. आणि या सगळ्यानंतरचं मत: तपासणीच्या वेळी पाया आपलं काम करताना दिसला.

‘पाच-पाच खुणा मोजतो आणि वर म्हणतो पाया बरा आहे. मामा, हा माणूस विकणाऱ्याचा तर नाही?’

भाचीचा प्रश्न वाजवी होता. पण हा परिच्छेद त्या मातीत उभं राहून वाचायला हवा. डॅलस, वेको, ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओपर्यंत ब्लॅकलँड प्रेअरी नावाचा जो पट्टा आहे, तो म्हणजे चक्क आपली काळी. त्यातली ह्यूस्टन ब्लॅक ही माती टेक्सासची राज्य-माती म्हणून मिरवते. मूळ खडक निराळे. आपली काळी बेसाल्ट झिजून झाली, त्यांची चुनखडीच्या जातीच्या मऊ खडकातून. चिकणमातीतलं खनिज मात्र एकाच कुळातलं: पाणी प्यायलं की फुगणारं, वाळलं की आक्रसणारं. मृदाशास्त्रात दोघींची गणना व्हर्टिसॉल या एकाच वर्गात होते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर, बीडकडच्या रानांत पाऊल अडकेल अशा भेगा ज्यानं पाहिल्या आहेत, त्याला ऑगस्टमधलं डॅलसचं अंगण परकं वाटणार नाही.

आपल्या जुन्या लोकांनी यावर सरळ तोड काढली होती. काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं. गाव वसवलं ते पांढरीवर. काळीत बांधणं भागच असेल तर मुरूम लागेपर्यंत खणायचं, ही आम्हा खात्यातल्यांची शिकवण. मुरूम फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेल्या, तळाशी फुगवटा असलेल्या पाइल्स. टेक्सासच्या बिल्डरांनी मात्र हजारोंनी घरं सरळ काळीवरच मांडली आणि माती हलेल तसा एकसंध हलणारा स्लॅब खाली दिला. अशा घरात पाया हलला का, या प्रश्नाचं उत्तर कायम ‘हो’ असतं. तपासनिसाला विचारलेलं आहे ते वेगळंच: हलूनही पाया आपलं काम करतो का. म्हणून पाच खुणा आणि अनुकूल मत एकाच परिच्छेदात सुखानं नांदू शकतात. ‘तपासणीच्या वेळी’ हे शब्द पळवाटेसारखे दिसतात खरे, पण ज्या मातीवर घराची उंची ऋतूनुसार बदलते तिथे तारखेशिवाय मत देणं हाच अप्रामाणिकपणा ठरला असता.

तरीही एक अडचण उरते. भेगेला रुंदी असते, पण ती कधी पडली हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. आम्ही भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तीवर तारीख लिहायचो. काच तडकली तर भेग जिवंत, नाही तर जुनी. त्यासाठी महिने लागतात, आणि तपासनिसाकडे जेमतेम एक सकाळ. मग तो काय करतो, ते विटांच्या भेगेच्या फोटोत पाहण्यासारखं आहे. फोटो साधा आहे. कुणीतरी पूर्वी ती भेग राखाडी लांबीनं भरून काढलेली. लांबी आता मधोमध फाटली आहे आणि फाटलेल्या कडा स्वच्छ आहेत, त्यांत धूळ नाही की कोळ्याचं जाळं नाही. खाली एकच वाक्य: आधीची दुरुस्ती पुन्हा उघडली आहे. फोटो एक, काळ दोन. आधी भेग पडली, मग कुणीतरी भरली, मग ती पुन्हा हलली, आणि तेही फार जुनं नाही. याउलट खिडकीच्या कोपऱ्यातल्या भेगेच्या आत भिंतीचाच रंग उतरलेला आहे, म्हणजे रंगारी आला तेव्हा ती होतीच आणि त्यानंतर वाढलेली नाही. तपासनिसानं हा निष्कर्ष काढून दाखवलेला नाही. दोन्ही फोटो लागोपाठ ठेवले आणि पुढे गेला. पायावरचं मत अनुकूल असलं तरी त्याखाली स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पातळ्या मोजून घ्याव्यात असा सल्ला का दिला, ते या दोन फोटोंवरून उमजतं.

पुढची बाब अंगणाच्या उताराची, आणि लेखक म्हणून तपासनिसाची खरी हुशारी इथे आहे. ईशान्य कोपऱ्यात छपराची पन्हळ भिंतीच्या बुडाशीच पाणी सोडते. फुलझाडांच्या वाफ्याची माती इतकी चढवली आहे की विटांमधून ओल बाहेर पडावी म्हणून ठेवलेली भोकं बुजली आहेत. भिंतीपासून थोड्याच अंतरावर मोठा ओक आहे. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत, कुठेही ‘म्हणून’ नाही. पण नुकताच पायाचा परिच्छेद वाचून आलेल्या माणसाच्या डोक्यात तो ‘म्हणून’ आपोआप उमटतो: एकाच कोपऱ्यात पावसाळी पाण्याचा लोंढा आणि कोरड्या दिवसांत झाडाची तहान, मग माती तिथेच जास्त फुगणार आणि तिथेच जास्त आक्रसणार. रसिकाला जोडायला जागा ठेवणं म्हणतात ते हेच. पुढे सल्ला येतो: कोरड्या महिन्यांत घराभोवती, भिंतीपासून फूट-दीड फूट अंतरावर झिरपणारी नळी टाकून मातीत ओल सारखी राखावी.

हे मी फोनवर भाचीच्या आईला, अक्काला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘घराला पाणी घालतात होय रे? इथे असताना हिनं कधी तुळशीला घातलं नाही.’

पोटमाळ्यात बसवलेला पाणी तापवायचा बंब, त्याच्या खालची गंजलेली तबकडी, वातानुकूलनाच्या पाण्याचा तुंबलेला निचरा ही प्रकरणं कामाची आहेत, पण वाङ्मय म्हणून सपाट. तिथे तपासनिसाचा हात यंत्रवत चालतो आणि तसाच चालायला हवा.

खटकणाऱ्या जागाही सांगितल्या पाहिजेत. अहवालाचा बराच भाग तयार वाक्यांचा आहे. संगणकात साठवलेली वाक्यं बटण दाबलं की पानावर उतरतात, आणि ज्या घराला शेकोटीच नाही त्या घराच्या अहवालात धुरांड्याच्या निगेबद्दल एक परिच्छेद निघाला. लाल बाणांचा तर सुकाळ. सैल झालेल्या दाराच्या मुठीकडे रोखलेला बाण जेवढा, तेवढाच फाटलेल्या लांबीकडे. गांभीर्याची उतरंड लावणं वाचणाऱ्यावर सोडलं आहे. इंग्लंडमध्ये आरआयसीएस या सर्वेक्षकांच्या संस्थेच्या सर्वेक्षणात हिरवा, पिवळा, लाल अशा तीन पायऱ्या असतात. ते फार सोपं करून टाकणं आहे असं मला पूर्वी वाटायचं. हे सगळे बाण पाहून झाल्यावर त्या तीन रंगांबद्दल माझं मत जरा सुधारलं. शिवाय करारनाम्यात बारीक अक्षरात एक कलम होतं: चूक निघाली तर भरपाई तपासणीच्या शुल्काइतकीच. इतक्या सावध लेखकाला इतकं भय असावं, हे वाचताना जरा टोचतं.

याच घरावर त्याच आठवड्यात आणखी एक मजकूर लिहिला गेला, तो बँकेसाठी. त्याचे पैसे भाचीनंच भरले, पण तो लिहिला गेला बँकेला उद्देशून. बरीच वर्षं वापरात असलेला फॉर्म 1004, मार्च 2005 चा, मूळ सहा पानांचा. त्यात घराचं मोल ठरतं ते आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांशी तुलना करून. त्यांना एक स्नानगृह जास्त, तर अमुक वजा. यांचं गॅरेज मोठं, तर अमुक अधिक. आणि पाया? वाळवी, ओल, खचणं अशा तीन चौकोनांतला एक. मूल्यांककानं तो रिकामा सोडला होता. त्यानं खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. बँकेला कळायला हवं ते एवढंच की कर्ज बुडालं तर घर विकून पैसे सुटतील का, आणि त्या प्रश्नापुढे उघडलेली लांबी किरकोळ आहे. तोट्याची पहिली थाप घेणाऱ्याच्या स्वतःच्या पैशांवर पडते, बँकेची पाळी नंतर. लोक या दोन मजकुरांची गल्लत करतात, म्हणून सरकारी विमा असलेल्या एफएचएच्या कर्जांसाठी तिथलं गृहनिर्माण खातं एक स्वतंत्र पत्रक काढतं आणि त्यात सरळ सांगतं की मूल्यांकन म्हणजे तपासणी नव्हे, आपली तपासणी आपण करून घ्या. स्वतःच्या कागदाच्या मर्यादा सांगणारा कागद काढावा लागावा, हे मला मोठं मजेशीर वाटतं.

त्या मूल्यांकनात घराला सी4 असा शेरा होता. ही श्रेणी सी1 ते सी6, त्यात सी1 म्हणजे कोरं करकरीत, कुणी न राहिलेलं घर. दादरला राहणारे माझे एक स्नेही हे ऐकून दचकले. मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत सी1 म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत.

इकडे पुण्या-मुंबईतही आता ताबा घेण्याआधी फ्लॅट तपासून देणाऱ्या संस्था आहेत. लेझरनं चटई क्षेत्र मोजतात, छडीनं फरशा वाजवून पोकळ निघालेल्यांवर खूण करतात, नहाणीत पाणी ओतून उतार बघतात, भिंतीची ओल मीटरवर दाखवतात. काम डोळसपणे होतं. रेराच्या कलम 14(3) मुळे त्या कागदाला वजनही आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला तर बिल्डरनं तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दूर करायचा. पण साचा ज्याचा त्याचा निराळा आणि मी पाहिलेल्या अहवालांत ‘तपासलं नाही’ हा चौकोन मला कुठे आढळला नाही. लिफ्टची मशीनरूम बंद होती, गच्चीची किल्ली मिळाली नाही, खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडानं छत बघू दिलं नाही, हे तपासायला आलेला मुलगा तोंडी सांगतो, पण कागदावर येत नाही. राज्यानं एक नमुना ठरवून दिला तर हे सुधारेल असं मला वाटतं. नमुने ठरवण्याच्या कामात आपण मुळीच मागे नाही.

भाचीनं पाचच्या आत व्यवहार मोडला नाही. इंजिनिअर बोलावून पातळ्या मोजून घेतल्या, त्या चालण्यासारख्या निघाल्या. पन्हळीचं पाणी लांब सोडणं आणि भिंतीजवळचा वाफा उतरवणं विकणाऱ्यानं मान्य केलं, दाराबद्दल मात्र तो काही बोलला नाही. सगळं आटोपल्यावर मी तिला एक गोष्ट सांगितली. टेक्सासच्या रिअल्टर संघटनेच्या ज्या प्रपत्रात विकणाऱ्यानं आपल्या घराचे ठाऊक असलेले दोष लिहून द्यायचे असतात, त्यात एक प्रश्न आहे: गेल्या चार वर्षांत या घराचा लेखी तपासणी अहवाल मिळाला आहे का, असल्यास प्रत जोडा. चार वर्षांच्या आत तिनं घर विकायला काढलं, तर हाच मजकूर, हेच बाण, हीच फाटलेली लांबी पुढच्या घेणाऱ्याच्या हातात जाईल, आणि या वेळी विकणाऱ्याच्या जागी ती असेल.

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘मामा, ते बेडरूमचं दार मी याच महिन्यात रंधा मारून घेते.’

‘दार घे,’ म्हटलं, ‘पण विटांमधली लांबी तेवढी भरू नकोस. इंजिनिअर वर्षभरानं पुन्हा येणार आहे ना, त्याला ती तशीच बघू दे.’